विश्लेषण : क्लोरीनला दाद न देणारा परजीवी तलावात कसा रोखणार?

जलतरण तलावात क्लोरीन टाकले की पाणी निर्धोक झाले, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक जिवाणूंबाबत तो खराही आहे. मात्र ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ हा परजीवी त्याला अपवाद. अमेरिकेत २००९ ते २०१७ या काळात त्याचे ४४४ उद्रेक नोंदवले गेले आणि ७,४६५ जण आजारी पडले. यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक उद्रेक तलाव आणि जलक्रीडा केंद्रांच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याशी निगडित होते.

क्लोरीन निष्प्रभ का ठरते?

हा परजीवी बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून टणक कवचाच्या पुटीच्या रूपात बाहेर पडतो. पाण्यात एक पीपीएम क्लोरीन असल्यास ई-कोलाय जिवाणू मिनिटभरात मरतो. त्याच पाण्यात ही पुटी साडेदहा दिवस तग धरते. पुटीचा आकार जेमतेम चार ते सहा मायक्रॉन असल्याने वाळूच्या नेहमीच्या फिल्टरमधूनही ती निसटू शकते.

धोका कोणाला?

दहा किंवा त्याहून कमी पुट्या पोटात गेल्या तरी संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे पोहताना गिळलेला एखादा घोटही पुरेसा ठरतो. पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, उलट्या ही लक्षणे. निरोगी व्यक्ती साधारण एक-दोन आठवड्यांत बरी होते. लहान मुलांना शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका अधिक असतो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांच्या तर हा आजार जिवावर बेतू शकतो.

तलाव व्यवस्थापनाने काय करावे?

पाण्यात जुलाब झाल्याचे आढळल्यास तलाव तातडीने रिकामा करून बंद ठेवावा लागतो. अमेरिकेतील ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेच्या निकषांनुसार क्लोरीन २० पीपीएमपर्यंत वाढवून ती पातळी पावणेतेरा तास राखावी लागते. पाण्याचा पीएच ७.५ पेक्षा जास्त नसावा. पाण्यात क्लोरीन टिकवणारे सायन्युरिक आम्ल असेल, तर याहून अधिक वेळ लागतो. पातळी पूर्ववत झाल्यावरच तलाव खुला करायचा असतो. अतिनील किरण किंवा ओझोन यंत्रणा पुटी निष्क्रिय करते. पण केवळ यंत्रातून गेलेल्या पाण्यातली. तलावातले सगळे पाणी यंत्रातून फिरेपर्यंत पोहणाऱ्यांना धोका असतोच.

मग खरा उपाय कोणता?

परजीवी पाण्यात उतरूच न देणे. जुलाब सुरू असताना पोहू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असल्यास जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलाव टाळावा, कारण या काळातही पुट्या शरीराबाहेर पडत राहू शकतात. पोहण्यापूर्वी अंघोळ करावी. लहान मुलांना तासातासाने शौचालयात न्यावे आणि डायपर तलावाच्या काठावर बदलू नये. तलावाचे पाणी गिळू नये, हे मुलांना पोहण्याच्या पहिल्याच धड्यात शिकवायला हवे.