परवलीच्या शब्दांची तिजोरी

शोळिंगनल्लूर हे चेन्नईच्या दक्षिण भागातील उपनगर 2011 साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. जुन्या महाबलीपुरम मार्गावर येथे संगणक-उद्योगाच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या आसपास लहान व्यवसायही पुष्कळ आहेत. समजा, अशाच एका हिशेबनिसाच्या पेढीत दहा माणसे काम करतात. बँक, वस्तू व सेवा कर, भविष्यनिर्वाह निधी, ई-मेल या प्रत्येकासाठी परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, लागतो. हे सारे शब्द एका जुन्या कारकुनाच्या वहीत आहेत. तो नोकरी सोडून गेला, तर पेढीच्या किल्ल्याही त्याच्याबरोबर जातात.

‘पासवर्ड मॅनेजर’ ही या वहीची जागा घेणारी तिजोरी होय. प्रत्येकाने एकच मुख्य शब्द लक्षात ठेवायचा. त्यावर हजारो वेळा गणिती प्रक्रिया होऊन एक किल्ली तयार होते आणि तिच्या साहाय्याने बाकीचे शब्द कूटलिपीत बंद केले जातात. चांगल्या व्यवस्थेत ही किल्ली सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडेही नसते. याचे महत्त्व 2022 साली दिसून आले. ‘लास्टपास’ या कंपनीकडील ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती त्या वर्षी चोरीस गेल्या. आतील परवलीचे शब्द कूटलिपीत होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा, त्यांना अर्थातच अधिक धोका होता.

आता योजना कोणती घ्यावी? चेन्नईतच वाढलेल्या ‘झोहो’ कंपनीची ‘व्हॉल्ट’ असो वा अन्य कोणाची सेवा असो, व्यक्तीसाठी आणि व्यवसायासाठी योजना वेगवेगळ्या असतात. व्यवसायाच्या योजनेत सामान्यतः दरमहा माणशी आकार पडतो. तो वाचविण्यासाठी प्रत्येकाने आपले मोफत खाते वापरले, तर तिजोरीची मालकी पेढीकडे न राहता नोकराकडे जाते. म्हणून किंमत पाहण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. मालकी पेढीची आहे काय? गेलेल्या माणसाचा प्रवेश तत्काळ बंद करता येतो काय? कोणता शब्द कोणी पाहिला, याची नोंद राहते काय? मुख्य शब्द विसरल्यास सुटकेचा मार्ग कोणता? दुसऱ्या सेवेकडे जाताना सर्व नोंदी बाहेर काढता येतात काय? मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या अधिक महाग सोयी दहा माणसांच्या पेढीला बहुधा लागत नाहीत.

तथापि केवळ योजना घेतल्याने काम संपत नाही. प्रवेश बंद केला, तरी पाहिलेला शब्द माणसाच्या स्मरणात राहतोच. म्हणून कोणी नोकरी सोडताच त्याने वापरलेले शब्द बदलले पाहिजेत. तसेच व्यवस्थापकाचे अधिकार दोघांकडे असावेत आणि मालकाचा मुख्य शब्द मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. कारण जी किल्ली कंपनीजवळही नाही, ती हरवली तर तिजोरी चोराला जशी बंद, तशीच मालकालाही बंद होते.