सूर्योदयसमयी अल्प कंप्रतेचे संदेशग्रहण : आकाशकाची निवड

हौशी रेडिओमध्ये १.८ व ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांची गणना अल्प कंप्रतेच्या पट्ट्यांत होते. भारतात यांपैकी पहिल्या पट्ट्यातील १.८२० ते १.८६० मेगाहर्ट्झ हा भाग हौशी केंद्रांस उपलब्ध आहे. हिवाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास यूरोपातील केंद्रे ऐकावयाची असल्यास कोल्हापुरातील निरीक्षकाने ग्रहणासाठी कोणता आकाशक, म्हणजे व्यवहारातील एरियल, निवडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आयनांबराचा डी-स्तर सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. सूर्यप्रकाशात तो प्रबळ होतो व तरंगांचे शोषण करतो. हे शोषण स्थूलमानाने कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे ७.१ मेगाहर्ट्झच्या मानाने १.८३ मेगाहर्ट्झवर ते सुमारे १५ पट भरते. डिसेंबरअखेर कोल्हापुरास सूर्य सातच्या सुमारास उगवतो. परंतु ८० किलोमीटर उंचीवर त्याचे किरण सुमारे ४० मिनिटे आधीच पोहोचतात. आपणास हाताशी असलेला काळ एवढाच. वरच्या वातावरणाचा हा भाग आपणास अपरिचित नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रडारने १.९८ मेगाहर्ट्झवर त्यातील वाऱ्यांची निरीक्षणे घेतली आहेत.

या पट्ट्यांवर ग्रहणातील मुख्य अडचण संकेताच्या क्षीणतेची नसून गोंगाटाची असते. आकाशक जोडताच ग्राहीतील गोंगाट स्पष्टपणे वाढत असेल, तर संवेदनशीलता पुरेशी आहे असे समजावे. त्यापुढे केवळ वर्धन केल्यास संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. म्हणून ग्राही आकाशकाचा खरा गुण म्हणजे त्याची दिशिकता होय. सर्व दिशांनी सारखा गोंगाट येतो असे मानल्यास, तिचे मान आखूड उभ्या आकाशकासाठी सुमारे ५, गॅरी ब्रीड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोधयुक्त वेटोळ्यासाठी सुमारे ७ आणि एक तरंगलांबीच्या बेव्हरेज तारेसाठी सुमारे १० डेसिबेल येते.

परंतु सूर्योदयी हे गृहीतच ढासळते. पूर्वेकडे दिवस उजाडलेला असल्यामुळे इंडोनेशियाकडील विजांचा गोंगाट डी-स्तरात शोषला जातो. पश्चिमेस मात्र अद्याप रात्र असते. लंडनची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे ३२० अंश, तर विजांचे जगप्रसिद्ध क्षेत्र असलेल्या काँगो खोऱ्याची सुमारे २५६ अंश आहे. वायव्येकडे रोखलेल्या रोधयुक्त वेटोळ्याची शून्यदिशा आग्नेयेस येते. म्हणजे जेथून येणारा गोंगाट सूर्याने आधीच शमविला आहे, तेथेच ती खर्ची पडते. काँगोकडील गोंगाट त्याने अवघा ३ डेसिबेल घटतो. याउलट, साध्या लहान वेटोळ्याची शून्यदिशा २५६ अंशांवर ठेवल्यास संकेताची हानी १ डेसिबेलहून कमी होते आणि काँगोकडून कमी उंचीच्या कोनाने येणारा गोंगाट बराच दबतो. मध्यरात्री दोन्ही बाजूंस अंधार असताना रोधयुक्त वेटोळे सरस ठरण्याचा संभव अधिक; पहाटे ही श्रेष्ठता उलटू शकते.

बेव्हरेज तारेचे महत्त्व निर्विवाद आहे. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे सुमारे १,३०० फूट लांबीच्या अशाच तारेवर अमेरिकन हौशी केंद्रांचे संकेत ऐकले होते. तथापि १.८३ मेगाहर्ट्झवर एका तरंगलांबीसाठी १६४ मीटर सरळ जागा लागते. दोन-तीन मीटर उंचीची ही तार उभ्या उसातून नेता येत नाही. शेताची तोडणी व्हावी लागते. शिवाय ही तार जमिनीच्या सदोष विद्युत्संवाहकतेवरच कार्य करीत असल्यामुळे भिजलेल्या काळ्या रानापेक्षा कोरडा मुरमाड माळ तिला अधिक मानवतो.

वरील आकडे गणिताचे आहेत, हे विसरून चालणार नाही. अधिक उंच कोनाने येणाऱ्या तरंगांस लहान वेटोळ्याची शून्यदिशा तितकीशी रोखू शकत नाही. म्हणून जिज्ञासू विद्यार्थ्याने दोन वेटोळी परस्परांपासून दूर उभारावीत, सहा ते सव्वासातपर्यंत दर पाच मिनिटांनी ती आलटून पालटून जोडावीत आणि संकेत व गोंगाट यांच्या गुणोत्तराची नोंद ठेवावी. आकाशकाची निवड कोष्टकातील सरासरीवरून न करता, त्या घटकेस गोंगाट कोणत्या दिशेने येतो, हे पाहून करणे हेच शास्त्रीय ठरेल.