बेल वाजल्यानंतरची बैठक

एक वाजायला दोन मिनिटं कमी आहेत. कराडात कोल्हापूर नाक्याजवळच्या एका हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. ऑगस्ट सरत आलाय. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग पडलाय. सकाळची ओपीडी उरकून डॉक्टर येताहेत, अर्धं शटर ओढून कापड दुकानदार येताहेत, पुढची तारीख पडल्यामुळे खुशीत असलेले वकीलसाहेब काळा कोट हातावर टाकून जिना चढताहेत. रोटरी क्लबची साप्ताहिक बैठक दुपारीच का, ते इथंच कळतं. गावातले सगळे धंदे एकदम जरा सैल होतात, ती हीच वेळ.

टण्ण! अध्यक्ष लाकडी हातोडीनं बेल वाजवतात. एरवी ते खतांचे व्यापारी. आज गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर आहे. १ जुलैला आलेलं पद पुढच्या ३० जूनला जाणार, त्यामुळे सगळी घाई. राष्ट्रगीत होतं, खुर्च्या सरकतात, सेक्रेटरी सूचना वाचतात. त्या कोणी फारशा ऐकत नाही.

कान टवकारले जातात ते दंड गोळा करणारे सार्जंट उठल्यावर.

"शेठ, बॅज कुठाय?"

"शर्ट बदलला, त्याच्यावर राहिला."

"मग शर्टाचे पन्नास द्या!"

डबा फिरतो. नात झाली म्हणून कुणी पाचशे टाकतं. चोरीला गेलेली स्कूटर सापडली म्हणून विमा एजंट शंभर टाकतात, तर मागून आवाज येतो, "क्लेम गेला ना तुमचा!" कोल्हापूरहून आलेला पाहुणा आपल्या क्लबचा झेंडा देतो, इथला घेतो, फोटो निघतो.

भिंतीवरच्या फलकावर 'फोर वे टेस्ट' आहे. आपण जे म्हणतो, करतो ते खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, अशा चार प्रश्नांची. शिकागोच्या हर्बर्ट टेलर यांनी ती १९३२ साली, डबघाईला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना लिहिली. तिच्याखाली बसलेले आमचे भांडीवाले मात्र शेजाऱ्याला स्टीलचा भाव सांगताहेत.

आजच्या वक्त्या नेत्रतज्ज्ञ आहेत. नेत्रदान पंधरवडा सुरू आहे, ८ सप्टेंबरपर्यंत चालेल. त्या स्लाइड न लावता बोलतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची, पंखा बंद करायचा.

"मॅडम, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चालेल का?"

"चालेल. चष्मा चालतो, शुगरही चालते. घरच्यांची तयारी मात्र हवी. आणि फोन वेळेत यायला हवा."

हॉल शांत होतो. आभार मानले जातात, श्रीफळ दिलं जातं आणि पुन्हा टण्ण! बैठक संपली.

म्हणजे कागदावर संपली. आता ताटं उचलली जातात. अख्खा मसूर, रोटी, जिरा राईस, गुलाबजाम. रांगेत मॅडमना घेरून चौघे उभे आहेत.

"रात्री दोन वाजता फोन आला, तर टीम जाणार कशी?" औषध दुकानदार विचारतात.

"माझी गाडी आहे की," ट्रान्सपोर्टवाले रोटी मोडत म्हणतात. "ड्रायव्हर गॅरेजवरच झोपतो."

"मग फोन नंबर माझ्या दुकानाचा टाका. आमचं चोवीस तास उघडं असतं."

"बोर्ड मी छापतो," फ्लेक्सवाले म्हणतात. "सगळ्या दवाखान्यांत लावू."

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हा वकील एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांच्यासोबत बसला, तेव्हा मनात मैत्रीच होती. समाजसेवा नंतर आली. पण माणसं वेगवेगळ्या धंद्यांतली घ्यायची ही रीत तेव्हाच पडली. तिचा उपयोग या रांगेत दिसतो. चार डॉक्टर जमले असते तर परिसंवाद झाला असता. इथं गाडी, फोन आणि बोर्ड गुलाबजामच्या आधीच जमलेत.

सेक्रेटरी ताट सांभाळत येतात. "अहो, हे ठरलं कधी? मिनिट्समध्ये काय लिहू?"

"ठराव पुढच्या आठवड्यात आणा," अध्यक्ष कॉलर काढून पेटीत ठेवतात. "गाडी आज रात्रीपासून धरा."