न दिसणाऱ्या उजेडाची बॅटरी

सरका जवळ पोरांनो, विंचवाची एक नवलाई सांगतो. दिवसभर दगडाखाली, लाकडाच्या ढिगात नाहीतर गडग्याच्या भेगेत दडी मारून बसणारा हा प्राणी मातीच्या रंगात असा मिसळून जातो, की पायाखाली येईस्तोवर दिसायचा नाही; पण काळोख्या रात्री त्याच्यावर अतिनील किरणांचा झोत टाका, की तोच विंचू चिमट्यांपासून नांगीच्या टोकापर्यंत हिरवट-निळा उजळून निघतो आणि आठ-दहा पावलांवरून डोळ्यांत भरतो. काळी इंगळी असो की आपल्याकडचा लाल विंचू, जात कुठलीही असो, जवळजवळ सगळेच उजळतात. ही सगळी करामत कवचाच्या वरच्या पातळ थरातली, आणि तो थर इतका चिवट, की संग्रहालयात स्पिरिटच्या बरणीत वर्षानुवर्षं पडलेला मेलेला विंचूही उजळतो आणि त्याच्या संगतीनं बरणीतलं स्पिरिटसुद्धा उजळायला लागतं. विंचवाला याचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं असं, की तो अंगानंच उजेड ओळखतो आणि आपण उघड्यावर आहोत की आडोशाला, हे त्याला त्यावरून उमगतं. मला हे म्हणणं फार आवडतं.

आता हे बघायचं तर अतिनील किरणांची बॅटरी हवी, आणि बाजारात गेलात तर अशा बॅटऱ्या ढिगानं पडलेल्या दिसतील. कुठली घेऊ, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर एकच: जिचा स्वतःचा उजेड कमीत कमी दिसतो, ती. बॅटरी घ्यायची आणि तिचा उजेड दिसू नये म्हणायचं, हे ऐकायला विपरीत वाटतं खरं, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

१८०० साली विल्यम हर्शेल, म्हणजे ज्यानं युरेनस शोधला तोच तो, लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवत बसला होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात वर चढला. ही बातमी जर्मनीत येना गावी योहान रिटर नावाच्या तरुणाला कळली. हा मूळचा औषधांच्या दुकानात उमेदवारी केलेला, डोक्यानं विलक्षण. निसर्गात प्रत्येक गोष्टीला तिची उलट बाजू असायलाच हवी, अशी त्याची ठाम श्रद्धा. तांबड्याच्या पलीकडे काही आहे, तर मग जांभळ्याच्याही पलीकडे असलंच पाहिजे! उजेडानं काळं पडणारं सिल्व्हर क्लोराईड त्यानं कागदाला लावलं, तो कागद त्या पट्ट्यात धरला, आणि जांभळ्याच्या पुढे, जिथे नुसता अंधार होता, तिथेच तो सगळ्यात भरभर काळा पडला. साल १८०१. हेच ते अतिनील किरण. श्रद्धेपायी शोधायला निघालेल्या माणसाला खरोखरच काहीतरी सापडावं, असं विज्ञानात नेहमी घडत नाही. रिटरच्या बाबतीत घडलं.

पुढे पन्नासेक वर्षांनी, १८५२ साली, केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनं क्विनाइनचं पाणी घेतलं. तेच क्विनाइन, हिवतापावरचं, कडू जहर. दिसायला हे पाणी नितळ, पण न दिसणाऱ्या अतिनील पट्ट्यात नळी सरकवली की निळं उजळायचं. स्टोक्सनं त्यातून काढलेला नियम सोपा आहे. गिरणीत पायलीभर दळण टाकलं तर पीठ थोडं कमीच हातात येतं, कारण काही जात्याला चिकटतं, काही उडून जातं. तसा पदार्थ अतिनील किरण गिळतो, त्यातली थोडी ऊर्जा आतल्या आत उष्णतेत जिरते, आणि उरलेली कमी ऊर्जेचा, म्हणजे आपल्या डोळ्याला दिसणारा, निळा-हिरवा-तांबडा उजेड होऊन बाहेर पडते. विंचू हेच करतो. हा परतलेला उजेड मात्र फार मंद असतो, आणि बॅटरी निवडताना सगळं लक्ष ठेवायचं ते या मंदपणावर.

बाजारात स्वस्तात मिळतात त्या बहुतेक बॅटऱ्या ३९५ नॅनोमीटरच्या; हा आकडा म्हणजे उजेडाची तरंगलांबी. बऱ्याचदा त्यांच्या तोंडाशी बारीक बारीक एलईडींची दाटी असते. चालू केली की झकास जांभळा प्रकाश पडतो आणि घेणारा खूश होतो. पण तो जांभळा प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा प्रकाश, आणि त्याच्या झगझगाटात दगडाचं नाहीतर किड्याचं मंद उजळणं बुडून जातं. विंचू तेवढा जोरकस, तो ३९५ मध्येही दिसेल. बाकी पुष्कळ गमती हुकतील. म्हणून ३६५ नॅनोमीटर लिहिलेली बघा. हा आकडा उगाच आलेला नाही. गॅलियम नायट्राइड नावाच्या ज्या स्फटिकापासून हे एलईडी होतात, त्याच्या अंगच्या गुणानं निघणारा उजेड याच आकड्याच्या आसपास पडतो. त्याच स्फटिकाच्या जोरावर निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्याआधी असला उजेड हवा तर पाऱ्याच्या वाफेच्या नळ्या वागवत फिरावं लागे.

३६५ मिळाली तरी काम पुरं होत नाही, कारण तिच्यातूनही थोडा दिसणारा उजेड सांडतोच. तो अडवायला तोंडावर काळी काच हवी. ही काच म्हणजे मोठी गुणाची वस्तू! रॉबर्ट वुड नावाचा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ होता, त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकेल ऑक्साइड घातलेली काच वापरून दिसणारा उजेड अडवला आणि अतिनील तेवढा पार जाऊ दिला. आजही त्वचेचे डॉक्टर काळोख्या खोलीत वुडचा दिवा लावतात. त्यात गजकर्णाच्या काही जाती हिरव्या उजळतात आणि कोडाचे डाग पांढरेफेक उठून दिसतात. बॅटरीला अशी काळी काच असली की समजा, दुकानदाराला माल कळतो.

खोक्यावर मोठाल्या अक्षरांत ल्युमेन लिहिले असतील, तर तिकडे बघूच नका. ल्युमेन हे माप आपल्या डोळ्याला किती उजेड दिसतो त्याचं, आणि इथे तर न दिसणारा उजेड हवाय. वॅटही सेलमधून किती वीज ओढली ते सांगतात, किरण किती निघाले ते नाही. त्यापेक्षा खिशातली नोट काढा आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिच्यावर झोत टाका. आपल्या नोटेचा कागद उजळत नाही. तिच्यातले बारीक तंतू आणि क्रमांकाची शाई उजळते. कागद काळसर राहून तंतू आणि आकडे लखलखीत दिसले, तर बॅटरी चांगली. सगळी नोटच जांभळी दिसली, तर खाली ठेवा. दुकानदाराचा पांढरा सदरा मात्र दोन्ही बॅटऱ्यांत चमकेल, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतच उजळणारी द्रव्यं घातलेली असतात. सदऱ्यावरून परीक्षा करू नका.

आणि हे मन लावून ऐका. जितकी बॅटरी चांगली, तितका तिचा धोका जास्त. साध्या उजेडात डोळा आपणहून दिपतो, बाहुली आकसते, आपण मान फिरवतो. इथे उजेड मंद वाटतो, डोळा गाफील राहतो आणि किरण थेट आत जातात. वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांनी मोतीबिंदूला हातभार लागतो. म्हणून झोत कुणाच्या तोंडावर टाकायचा नाही, आरशावर किंवा चकचकीत भांड्यावर टाकायचा नाही, आणि डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा लावायचा. २५४ किंवा २७५ नॅनोमीटरचे जंतू मारायचे दिवे तर खेळायला हातातही घ्यायचे नाहीत; त्यांनी कातडी आणि डोळे दोन्ही भाजतात.

बॅटरी घरी आली की आधी स्वयंपाकघरात शिरा. पालकाची चार पानं चेचून स्पिरिटमध्ये घाला, गाळा, आणि तो हिरवागार रस झोतात धरा: रक्तासारखा लाल उजळेल, कारण हरितद्रव्य अतिनील गिळून तांबडं परत करतं. हळद स्पिरिटमध्ये विरघळवली तर पिवळीहिरवी. टॉनिक वॉटरची बाटली आणलीत तर स्टोक्सचा निळा उजेड घरीच. आणि पिकू लागलेलं केळं घ्या. हिरवं केळं निळं उजळत नाही, पण पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडतं, आणि त्या मोडतोडीतून तयार होणारी द्रव्यं निळी उजळतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या रसायनशास्त्रज्ञांनी २००८ साली हे दाखवून दिलं. तोवर जगभर केळी पिकत होती आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं! सालीवर काळे ठिपके पडले, की त्यांच्याभोवती निळी कडी दिसतात.

मग अमावस्येच्या आसपासची रात्र बघून गडग्याकडे निघा. पायात बूट, हातात आणखी एक साधी बॅटरी, आणि मोठं माणूस बरोबर हवंच. लाल विंचवाला हलक्यात घेऊ नका. त्याचं विष हृदयावर जातं, फुप्फुसांत पाणी भरतं. एकेकाळी कोकणात त्यानं माणसं पटापट जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून त्याचा अभ्यास केला, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं, आणि असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चढला की उतारा शोधत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

विंचू दिसला की तीन-चार हात लांबच थांबा आणि नीट बघा: अंगाचा एकेक सांधा, चिमट्यांची धार, नांगीचा फुगीर मणी. नशीब असेल तर पाठीवर पिलं घेतलेली मादी दिसेल. आई सगळी हिरवीगार उजळलेली, आणि तिच्या पाठीवर दाटीवाटीनं बसलेली पांढुरकी पिलं मात्र जवळजवळ विझलेली, कारण त्यांचं कवच अजून घट्ट व्हायचंय. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथेच बसतात. तिच्यावर फार वेळ झोत धरू नका. विंचवाला हे किरण आवडत नाहीत, तो सावली शोधत भेगेत शिरतो. ती गेली तर जाऊ द्या आणि पुढच्या गडग्याकडे वळा, कारण पहिल्या पावसाआधीच्या दिवसांत एका बांधावर एकच विंचू असेल, असं मला तरी वाटत नाही.