बालसंगोपन आणि मोबाईल

ज्या घरीं मूल जन्मास येतें, त्या घरीं सल्ला देणारांची उणीव कधींच नसते. आजी सांगते, आत्या सांगते, शेजारीणही सांगते. या सल्ल्यांत माया असते आणि पुष्कळ अनुभवही असतो. परंतु कांहीं जुन्या समजुती अर्भकाच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत. प्रसूतीनंतर येणारें पहिलें घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकावयाचा व बाळास मध चाटवावयाचा, ही त्यांपैकींच एक. वास्तविक चिकामुळें बालकाचें रोगांपासून रक्षण होतें. उलट वर्षाच्या आंतील बालकास मध अपायकारक ठरूं शकतो.

हें ज्ञान आईपर्यंत न्यावें कसें? मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं मिशनचें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून या भागास आधुनिक वैद्यकाची ओळख झाली. परंतु मनुष्य रुग्णालयांत जातो तो आजारी पडल्यावर. बाळ वाढतें तें घरीं. म्हणून सल्लाही घरींच पोंचला पाहिजे.

या कामीं आतां मोबाईलचा उपयोग होत आहे. बिहारमध्यें प्रथम चालविलेली 'किलकारी' ही योजना केंद्र सरकारनें २०१६ सालीं हातीं घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें ती महाराष्ट्रांत आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचें होईपर्यंत आठवड्यास एक, असे एकंदर ७२ संदेश आईस विनामूल्य ऐकावयास मिळतात. जो महिना चालू असेल त्यास योग्य असाच संदेश येतो: आधीं लोहाच्या गोळ्या, मग पहिल्या तासांतील स्तनपान, सहा महिने केवळ आईचें दूध, पाणीसुद्धां नाहीं, पुढें लसी व मऊ वरणभात. संदेश बोलका असल्यामुळें निरक्षर स्त्रीसही तो समजतो, व साधा बटणांचा फोनही त्यास पुरतो. मुंबईंत डॉ. अपर्णा हेगडे यांनीं २००८ सालीं स्थापिलेल्या 'आरमान' या संस्थेनेंही 'एम-मित्र' नांवाची अशीच योजना चालविली.

तथापि यंत्रानें सर्व साधतें असें मात्र नाहीं. मध्य प्रदेशांत 'किलकारी'ची शास्त्रीय परीक्षा झाली, तींत केवळ मातेचें दूध देण्याच्या प्रमाणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. सून ऐकते, पण बाळास काय द्यावें हें पुष्कळदां सासू ठरविते. शिवाय फोन कोणाजवळ असतो? पाटण-जावळीकडील कित्येक पुरुष कामधंद्यासाठीं मुंबईस असतात. सांगलीकडे उसाच्या हंगामांत येणाऱ्या तोडणी कामगारांच्या कोपींत फोन बहुधा पुरुषाच्या खिशांत असतो. आईसाठीं आलेला संदेश मग फडांत किंवा मुंबईस वाजतो, आणि बाळ येथें असतें!

यास्तव पालकांस आमची विनंती अशी कीं, गरोदरपणाची नोंद करतांना जो फोन घरीं राहतो त्याचाच नंबर द्यावा, व नंबर बदलल्यास आशाताईंस कळवावें. विद्यार्थिमित्रहो, मोबाईल हाताळण्यांत आपण वडिलांहून चतुर आहां. वहिनीसाठीं फोन आला तर खेळ थांबवून तो तिच्या हातीं द्या, आणि आजीसही शेजारीं बसवून ऐकवा. दोन मिनिटांच्या त्या खोळंब्यानें आपल्या धाकट्या भावंडाचें किंवा भाच्याचें आयुष्य सुरक्षित होत असेल, तर याहून मोठी सेवा ती कोणती?