विश्लेषण : धावताना हातात बाटली हवी... पण किती मोठी?

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते, पण तिची परीक्षा ऑक्टोबरातच सुरू होते. पाऊस संपलेला, दमटपणा तसाच आणि वरून ऊन. सरावाच्या वेळापत्रकात रविवारचे २४, २८, ३२ किलोमीटर याच सुमारास येऊ लागतात. शर्यतीच्या दिवशी रस्त्याकडेला पाण्याची टेबले असतात, स्वयंसेवक पेले पुढे करतात. सरावाच्या रविवारी पहाटे पाच वाजता चहाची टपरीदेखील उघडलेली नसते. त्यामुळे दिवाळीच्या आसपास धावपटूंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक प्रश्न हमखास येतो : ‘हातात धरायची बाटली कोणती घेऊ?’ मग ब्रँडची नावे आणि लिंक यांचा पाऊस पडतो. दोन ठिकाणच्या पाण्यात अंतर किती आणि तेवढ्या वेळात तुम्हाला पाणी किती लागते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. बाटलीची निवड तिथून सुरू होते.

शर्यतीत पाणी मिळतेच, मग बाटली कशाला?

दहा किलोमीटरपेक्षा लांब रस्ता-शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरला खाण्यापिण्याची सोय असावी, असे जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे नियम सांगतात. मोठ्या शहरी शर्यतींत टेबले याहून जवळ असतात. आघाडीच्या धावपटूंसाठी तर त्यांच्या स्वतःच्या बाटल्या ठरलेल्या टेबलावर मांडलेल्या असतात. एलियुड किपचोगेने २०१८ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या हातात नेमकी बाटली देणारा स्वयंसेवकही चर्चेत आला होता. त्यांचे हात मोकळे असतात ते यामुळे.

पाच-सहा तास घेणाऱ्या धावपटूची गोष्ट वेगळी. तो टेबलापाशी पोहोचतो तेव्हा तिथे गर्दी असते, पायाखाली चेपलेल्या पेल्यांचा चिखल असतो आणि कधी कधी पाणीच संपलेले असते. हातात बाटली असेल तर गर्दी टाळून हवे तेव्हा घोट घेता येतो आणि टेबल आले की ती भरून घेता येते. सुरुवातीपासून हातात किंवा अंगावर बाळगलेले पाणी नियमाला धरूनच आहे. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला मनाई आहे, हातातल्या बाटलीला नाही. तरीही पैसे मोजायचे ते मुख्यतः सरावासाठी. बरेच जण शर्यतीच्या आदल्या आठवड्यात बाटली घेतात आणि ती हाताला सवयीची होण्याआधीच ४२ किलोमीटर मिरवतात. हे टाळावे.

किती मिलीलिटरची?

बाजारात साधारण २५० ते ६०० मिलीलिटरच्या हातबाटल्या मिळतात. ‘मोठी घेतलेली बरी’ हा आपला घरगुती नियम इथे महागात पडतो. ५०० मिलीलिटर पाणी म्हणजे अर्धा किलो. त्यात बाटली आणि पट्ट्याचे शंभरेक ग्रॅम मिळवा. मिनिटाला १७० पावले टाकणाऱ्याचा प्रत्येक हात तेवढ्या वेळात ८५ वेळा पुढे-मागे झुलतो. दोन तासांत दहा हजारांहून अधिक वेळा. एवढे वजन हाताच्या अगदी टोकाला असल्यामुळे ते दंडाला आणि खांद्याला जाणवते. मग धावपटू नकळत तो हात छातीशी घट्ट धरतो, कंबर एका बाजूला वळू लागते आणि संध्याकाळी मान धरते. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात बदलणे हा साधा उपाय, पण आठवण ठेवून करावा लागतो.

स्वतःची गरज ओळखायला घरचा वजनकाटा पुरतो. धावण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा. नेहमीच्या वेगाने तासभर धावा, किती पाणी प्यालात ते लक्षात ठेवा. परतल्यावर घाम पुसून, ओले कपडे उतरवून पुन्हा वजन करा. समजा ६८ किलोचे ६७ किलो झाले आणि मध्ये ३०० मिलीलिटर पाणी पोटात गेले, तर तासाला सुमारे १.३ लिटर घाम गेला. हाच माणूस डिसेंबरात पुण्याच्या थंडीत पळाला तर आकडा बराच खाली येईल, मुंबईच्या दमट हवेत वर जाईल. म्हणून ही चाचणी एकदाच करून भागत नाही.

गेला तेवढा सगळा घाम पाण्याने भरून काढायचा नसतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००७ मध्ये लांब पल्ल्यासाठी तासाला ४०० ते ८०० मिलीलिटर हा सुरुवातीचा अंदाज दिला होता. हळू आणि हलक्या शरीराच्या धावपटूंनी खालच्या टोकाला, जोरात पळणाऱ्या आणि वजनदार धावपटूंनी वरच्या टोकाला राहावे, असे त्यात सुचवले होते. आता हिशेब मांडू. किलोमीटरला सात मिनिटे या वेगाने ३२ किलोमीटरला पावणेचार तास लागतात. तासाला ५०० मिलीलिटर धरले तर जवळपास १.९ लिटर पाणी लागेल. एवढे कोणतीच हातबाटली देणार नाही. तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि ती तीनदा कुठे भरायची ते आधी ठरवा. पाच-सहा किलोमीटरची फेरी आखून गाडीच्या डिकीत पाण्याचा कॅन ठेवणे, पेट्रोल पंप किंवा मंदिराचा नळ हेरून ठेवणे, स्कूटरवरून येणाऱ्या मित्राला नाश्त्याचे आमिष दाखवणे, असे मार्ग आहेत. दर अर्ध्या तासाला पाणी मिळणार असेल तर ३०० मिलीलिटरची बाटलीही पुरते आणि हात दुवा देतो.

जास्त पाणी प्यायले तर बिघडते कुठे?

इथेच बाटलीचा आकार जिवाशी येतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका महिला धावपटूचा रक्तातील सोडियम घसरल्याने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत अंतिम रेषेवर संशोधकांनी ४८८ धावपटूंचे रक्त तपासले होते. त्यापैकी १३ टक्के जणांचे सोडियम पातळीपेक्षा कमी भरले, ०.६ टक्के जणांचे तर धोकादायक इतके खाली होते. हा अभ्यास २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन शर्यतीदरम्यान वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यात हा प्रकार अधिक आढळला. म्हणजे मागून येणारा, काळजीपोटी प्रत्येक टेबलावर पाणी ढोसणारा, आपल्यातलाच कोणी तरी.

डोकेदुखी, मळमळ, उलटी, बोटे फुगणे, गोंधळल्यासारखे होणे, ही त्याची लक्षणे. यातली काही पाणी कमी पडल्यावरही दिसतात, म्हणून गोंधळ होतो आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. सोडियम घसरलेल्या माणसाला ते अधिक घातक ठरते. बरळणाऱ्या किंवा सतत उलट्या करणाऱ्या धावपटूला बाटली पुढे न करता वैद्यकीय पथकाकडे किंवा रुग्णालयात न्यावे. २०१५ मध्ये या विषयावर झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेनेही तहानेनुसार पिणे हाच प्रतिबंधाचा मार्ग सांगितला. बाटली संपवायलाच हवी, असा काही दंडक नाही. उरलेले पाणी डोक्यावर ओतले तरी चालते. उन्हात त्याने बरेही वाटते.

कडक की मऊ?

कडक प्लास्टिकची बाटली, म्हणजे दाबल्यावर पिचकारी देणारी आणि सोडल्यावर पुन्हा आकार घेणारी, नळाखाली एका हाताने भरता येते आणि घासायला सोपी. पाणी अर्धे झाले की मात्र आत ‘डुचुक-डुचुक’ सुरू होते. एखाद्याला तो आवाज तालासारखा वाटतो, एखाद्याला दहा मिनिटांत वेड लावतो. मऊ फ्लास्क पाणी कमी होईल तसा आकसतो, त्यामुळे आवाज नाही आणि रिकामा झाला की खिशात जातो. पण तो उभा राहत नाही, ओल्या हातांनी भरताना गळपटतो आणि पट्ट्यात पुन्हा बसवताना धावपटूच्या तोंडून नको ते शब्द निघतात. रस्त्यावरच्या सरावासाठी मला कडक बाटलीच बरी वाटते.

स्टीलची बाटली दाबता येत नाही आणि जड असते, ती ऑफिसलाच न्यावी. तांब्याच्या बाटलीचा मोह असेल तर तिच्यात लिंबू-मीठ किंवा क्षारांचे पाणी कधीही भरू नये; आंबट द्रवात तांबे उतरते. तोंड रुंद असावे म्हणजे बर्फाचा खडा आत जातो. रात्री बाटली अर्धीच भरून आडवी गोठवायची आणि पहाटे वरून पाणी घालायचे, ही युक्ती ऑक्टोबरात उपयोगी. काठोकाठ भरून गोठवू नये, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते.

पट्टा सर्वांत महत्त्वाचा

दुकानात सगळे बाटलीकडे बघतात, पट्टा बघावा. पट्टा चांगला असेल तर मूठ सैल ठेवूनही बाटली हातात राहते. सतत आवळून धरावी लागली तर पाणी असूनही ती नकोशी होते. उन्हात धावताना बोटे थोडी सुजतात, म्हणून पट्टा ओढून लहान-मोठा करता यायला हवा. अंगठ्याला वेगळे भोक असेल तर पकड पक्की बसते, मात्र शिवण आतून खरखरीत असेल तर दहाव्या किलोमीटरला कातडी सोलते. किल्ली, एखादे जेल आणि पन्नासची नोट बसेल एवढा खिसा पुरे. मोबाइलचा खिसा असलेल्या बाटल्याही येतात. पण दोनशे ग्रॅमचा फोन त्याच हातावर लादणे म्हणजे गाढवावर आणखी एक गोणी, आणि घामाने तो भिजतो ते निराळेच. शक्य असेल तर दुकानात बाटली पाण्याने भरून, झाकण लावून उलटी धरून दाबून बघावी. गळणारी असेल तर तिथेच कळते. साध्या बाटल्या काहीशे रुपयांत मिळतात, परदेशी ब्रँडच्या दोन-तीन हजारांपर्यंत जातात; फरक बहुधा पट्ट्याच्या शिवणीत आणि झाकणात असतो.

घाटात आणि डोंगरात?

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये डांबरी रस्ता आहे, तिथे हातबाटली चालते. सिंहगड–राजगड–तोरणा अशा गडवाटांवर मात्र ती घात करू शकते. कातळ धरायला, घसाऱ्यावर हात टेकायला दोन्ही पंजे मोकळे हवेत. अशा ठिकाणी पाण्याचे जॅकेट घ्यावे. आल्प्समधल्या ‘यूटीएमबी’ शर्यतीत किमान एक लिटर पाणी आणि स्वतःचा पेला बाळगणे सक्तीचे आहे, त्यावरून डोंगरातली गरज समजावी.

आत काय भरायचे?

तासाभराच्या धावेला साधे पाणी पुरते. त्यापुढे क्षार आणि थोडी साखर उपयोगी पडते. इथे बाटलीच्या मापाचा पुन्हा संबंध येतो. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते पूर्ण पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले तर द्रावण दुप्पट तीव्र होते, पोट बिघडते आणि तहान वाढते. अर्धेच पाकीट घालावे. २०० मिलीलिटरची छोटी पाकिटे असतील तर अडीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तेव्हा खरेदी करताना वेष्टनावरचे सूत्र वाचावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी क्षारांचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

साखरेचे पाणी भरले असेल तर घरी आल्यावर बाटली तशीच पिशवीत ठेवू नये. दोन दिवसांत झाकणाच्या खाचेत काळे ठिपके दिसतात, ती बुरशी असते. झाकण, रबरी चकती आणि तोंडाची नळी वेगवेगळी करून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवावीत, बारीक ब्रशने घासावीत आणि उघडीच वाळू द्यावीत. पट्टाही धुवावा, घामाने तो बाटलीआधी वास मारू लागतो. झाकण आणि चकती सुटी मिळते का, हे बाटली घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवावे.