गोणपाटाचा फोटो

पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्याशी रोज सकाळी एक गोणपाट अंथरलेलं असतं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांचा चिखल ते टिपून घेतं. तीन पावसाळे मी त्यावर पाय पुसून घरात गेले, पण त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. एका जुलैत रोज एक फोटो काढायचा नेम धरला होता. त्या दिवशी दुसरं काही सापडेना, म्हणून त्या गोणपाटाचा काढला. ओल्या तागाची जाड वीण, कोपऱ्यात 'साखर' अशी पुसट अक्षरं. रात्री फोटोखाली एक ओळ लिहायला बसले आणि अडले. हे गोणपाट अंथरतं कोण?

दुसऱ्या दिवशी विचारलं. जिना झाडणाऱ्या मावशी. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून त्या ते मागून आणतात, संध्याकाळी धुतात आणि मीटरच्या खोलीत वाळत टाकतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा ओल्या पायरीवरून घसरले, तेव्हापासून त्या हे करतात.

रोजच्या जगण्यातली एखादी लहान गोष्ट टिपायची आणि तिच्याबद्दल कृतज्ञता बाळगायची, ही सवय आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मी तिच्यावर मनापासून विश्वास ठेवते. म्हणूनच तिच्याभोवती साचलेले गैरसमज मला डाचतात.

"हे तिकडचं खूळ आहे, आपलं नाही"

नेम धरून, वही ठेवून, प्रयोग करून कृतज्ञतेचा अभ्यास पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी केला, हे खरं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांचा 2003 सालचा शोधनिबंध यातला पायाचा मानला जातो. पण कल्पना परकी म्हणावी, तर आधी आपला शब्द उघडून पाहावा. कृतज्ञ म्हणजे 'कृत' जाणणारा, आपल्यासाठी काय केलं गेलं ते ज्याला ठाऊक आहे तो. त्या शब्दात गोड वाटण्याचा उल्लेखच नाही, आहे तो जाणण्याचा. मराठीत तर आपण सरळ 'जाण' म्हणतो. 'त्याला उपकाराची जाण आहे' आणि 'तिला संगीताची जाण आहे', दोन्हीकडे शब्द एकच. लक्ष देऊन पाहणं आणि ऋण मानणं या दोन क्रिया आपल्या भाषेने वेगळ्या काढलेल्याच नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. हळद आणि तूप किंवा लोणी लावून खांदा चोळतात. वर्षभर जू जिथे घासलं, नेमकी तीच जागा. बैलाला नुसता हार घालूनही भागलं असतं, पण ज्याला जाण आहे त्याला दुखरी जागा माहीत असते.

शिवाय घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हणणं आपल्या तोंडी बसत नाही. "आभार कसले मानतेस, मी काय परकी आहे का?" असं म्हणून समोरचं माणूस उलट खट्टू होतं. अशा घरात फोटोचा फार उपयोग होतो. जे बोलता येत नाही, ते दाखवता येतं.

"फोटोच्या नादात क्षण निसटतो"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अर्धा खरा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने ठेवलंय म्हटल्यावर मन सैल सुटलं असावं. या निष्कर्षाच्या बातम्या पुष्कळ झाल्या. त्याच निबंधातला पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. वस्तूच्या एखाद्या भागाजवळ कॅमेरा नेऊन, तेवढाच भाग मोठा करून फोटो काढायला सांगितला, तेव्हा ही घट दिसली नाही. चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना आठवत होता.

अलिक्झँड्रा बाराश, क्रिस्टिन डील आणि गॅल झॉबरमन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे बरेच प्रयोग केले. 2017 सालच्या त्यांच्या निबंधात असं आढळलं की काय टिपायचं हे माणूस स्वतः ठरवत असेल, तर पाहिलेलं जास्त लक्षात राहतं आणि कानावर पडलेलं मात्र कमी. म्हणजे कॅमेरा लक्ष डोळ्यांकडे ओढतो. मुलाचं गाणं चालू असेल तेव्हा फोन खिशात ठेवावा, हे यातून आपोआप कळतं. याच प्रयोगांतली मला आवडलेली गोष्ट अशी, की 'मी फोटो काढतोय' असं केवळ मनाशी धरून पाहणाऱ्यांच्या बाबतीतही असाच परिणाम दिसला. तेव्हा यंत्र दुय्यम आहे. इथून पाहू की तिथून, काय आत घेऊ, काय सोडू, हा शोध मुख्य आहे.

त्याआधी 2016 मध्ये याच गटाने दाखवलं होतं की फोटो काढणारे प्रसंगात अधिक गुंततात, म्हणून त्यांना तो अधिक आवडतो. पण गुंतणं दोन्ही बाजूंनी कापतं. सिंहांनी रेड्यावर हल्ला केल्याचं दृश्य पडद्यावर दाखवलं, तेव्हा त्याचे फोटो टिपणाऱ्यांना ते इतरांपेक्षा कमी आवडलं. लग्नात एकामागून एक तीनशे फोटो काढणं आणि दिवसातून एकदा एका गोष्टीपाशी दोन मिनिटं उभं राहणं, या दोहोंना 'फोटो काढणं' असं एकच नाव आहे. निसटतो तो पहिल्या प्रकारातला क्षण.

"त्यासाठी चांगला कॅमेरा हवा, सुंदर काहीतरी घडायला हवं"

दोन्ही नको. साध्या फोनवर काम होतं. आणि सूर्यास्ताने सुरुवात न करणंच बरं, कारण सूर्यास्त सगळ्यांनाच दिसतो.

हेली बार्थोलोम्यू या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार. संसार, मुली, सगळं ठीक असूनही मन रिकामं झालं होतं. एका ननच्या सल्ल्यावरून त्यांनी रोज एका गोष्टीचा पोलरॉइड फोटो काढायला घेतला, ज्यासाठी त्या दिवशी कृतज्ञ वाटलं तिचा. नवरा प्रेम व्यक्त करत नाही, अशी त्यांची समजूत होती. एका रात्री जेवण वाढताना त्याचा फोटो काढला, तेव्हा दिसलं की 'पाय' या पदार्थाचा सर्वांत मोठा तुकडा तो यांच्या ताटात घालतोय. तो काही त्या दिवशी बदलला नव्हता. आधी कृतज्ञ वाटावं आणि मग फोटो काढावा, असा क्रम लोक धरतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो उलटा असतो. आधी पाहणं होतं, वाटणं मागून येतं, आणि एखाद्या दिवशी येतही नाही.

"काढला की सगळ्यांना पाठवायचा"

इथे मी जरा आग्रही आहे. बाराश, डील आणि झॉबरमन यांचाच 2018 सालचा निबंध सांगतो की समाजमाध्यमावर टाकण्यासाठी फोटो काढणाऱ्यांना, स्वतःच्या आठवणीसाठी काढणाऱ्यांपेक्षा कमी आनंद मिळतो. आपण कसे दिसू, लोक काय म्हणतील, ही काळजी मध्ये येते. पण एकाच माणसाला, त्याच्यासाठीच काढलेला फोटो पाठवणं ही गोष्ट निराळी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत 41 विद्यार्थ्यांवर चार आठवडे एक अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज काहींनी स्वतःचा हसरा फोटो काढला, काहींनी स्वतःला आनंद देणाऱ्या गोष्टीचा, काहींनी दुसऱ्या कुणाला आनंद होईल अशा गोष्टीचा काढून तो त्या व्यक्तीला पाठवला. तिन्ही गटांचं मन बरं झालं, आणि दुसऱ्यासाठी फोटो काढणारे अधिक शांत झाले. अभ्यास लहान आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण नागपूरला एकट्या राहणाऱ्या मावशीला सकाळी तिच्या आवडत्या प्राजक्ताचा सडा पाठवला, की दिवसभरात तिचा फोन येतो. एवढं मला पक्कं माहीत आहे.

"एक दिवस चुकला की नेम मोडला"

365 दिवसांचा हट्ट छायाचित्रकारांच्या जगातून आलेला आहे आणि त्याची स्वतःची थोर परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन यांनी 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड काढला, तो थेट 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत. तो त्यांचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता आणि मृत्यूचा दिवसही. साडेसहा हजारांहून अधिक फोटो. मित्र, ताटं, रस्ते, शेवटी आजारपण आणि रुग्णालय. त्यांनी काहीही गाळलं नाही.

पण कृतज्ञतेसाठी इतकी काटेकोर अट लागत नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टींची उजळणी करणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. रोजचं झालं की उपचार होतो, चहाचा कप, खिडकीतलं ऊन, पुन्हा चहाचा कप. याला उतारा एकच, फोटोखाली कारण लिहायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या 2005 सालच्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहिलं. सहा महिन्यांनंतरही त्यांच्या मनःस्थितीत फरक दिसत होता. माझ्या लेखी त्या 'का'मध्ये सगळं आहे. माझा गोणपाटाचा फोटो त्या 'का'पाशीच अडला होता.

"कृतज्ञ राहा, नैराश्य पळून जाईल"

हा गैरसमज मात्र अपायकारक आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यांत 3,675 जण होते. नैराश्य आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या उपक्रमांचा परिणाम अल्प दिसला. फोटो म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली आहे, जगणं नकोसं झालं आहे, अशा माणसाला 'आपल्याकडे काय काय आहे ते बघ' म्हणणं म्हणजे त्याच्या दुःखावर अपराधाची भर घालणं. त्याने डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

दुःखात फोटो काढू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. आंद्रे केर्टेस हे विसाव्या शतकातले एक फार मोठे छायाचित्रकार. 1977 मध्ये त्यांच्या पत्नी एलिझाबेथ वारल्या. ऐंशी ओलांडलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या घरात बसून राहू लागला. मग एका दुकानात काचेचा लहानसा अर्धपुतळा दिसला, त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या वळणात त्यांना एलिझाबेथ दिसली. तो खिडकीत ठेवून, बदलत्या उजेडात, छोट्या पोलरॉइड कॅमेऱ्याने ते त्याचे फोटो काढत राहिले. 1981 मध्ये त्यांचं पुस्तक झालं, एलिझाबेथला अर्पण केलेलं. त्या फोटोंत हसणं कुठेच नाही. जे मिळालं होतं त्याची जाण मात्र प्रत्येक फोटोत आहे.

"समाधान मानलं की तक्रार संपते"

घराघरांत, विशेषतः बायकांना आणि गरिबांना, हे शिकवलं जातं. जे आहे त्यात सुख मान, म्हणजे वर काही मागू नकोस. पण ज्याने नीट पाहिलं, त्याला जे नाही तेही दिसतंच. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे वर्षानुवर्षं फोटो काढले. ते फोटो पाहताना, शहर ज्यांच्या कष्टावर उभं आहे त्यांचं ऋण आणि त्यांच्यावरचा अन्याय, दोन्ही एकाच वेळी अंगावर येतात. मग एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

गोणपाटामुळे माझी मावशींशी ओळख झाली. मग दिसलं की त्या ओला-सुका कचरा उघड्या हातांनी वेगळा करतात आणि फुटक्या काचेने बोटं कापलेली असतात. आठवड्याची सुट्टी घेतली तर पैसे कापले जातात, हेही कळलं. सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय काढला. हातमोजे लगेच आले. पगारी सुट्टीला दोन बैठका लागल्या आणि बरीच कुरकुर ऐकावी लागली, पण ती मिळाली. काच आता वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवायची, असं फलकावर लिहिलं आहे. निम्मी घरं ते पाळतात.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी गोणपाटाचा तो फोटो छापून, चौकट करून मावशींना नेऊन दिला. मला वाटलं होतं, त्यांना फार आवडेल. त्यांनी तो हातात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, यात मी कुठंय?"

मी फोन काढला. त्यांनी पदर नीट केला, खराटा भिंतीला टेकवला, पुन्हा हातात घेतला, आणि पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या.